तात्या विंचूचे बळ आणि 'झपाटलेला'च्या उणिवा

महेश कोठारे दिग्दर्शित 'झपाटलेला' हा चित्रपट १९९३ मध्ये प्रदर्शित झाला आणि तीन दशके उलटून गेल्यावरही, ज्यांनी तो चित्रपटगृहात कधी पाहिला नाही त्या पिढीलाही, त्यातील तात्या विंचू नावानिशी ठाऊक आहे. मराठीत भुताखेतांचे चित्रपट पुष्कळ झाले आणि पोलीस-गुंडांचेही झाले. परंतु ज्यात मंत्रतंत्र, पाठलाग, गोळीबार आणि जीवघेणी उत्कंठा एकाच कथेत बांधलेली असते असा अलौकिक मारधाडीचा थरारपट मराठीत दुर्मीळच राहिला, आणि म्हणून या प्रकाराची बलस्थाने व उणिवा तपासायच्या असतील तर 'झपाटलेला'इतका सोयीचा नमुना दुसरा सापडत नाही.

या चित्रप्रकाराची मूळ अडचण अशी की, त्याचे दोन घटक स्वभावतः एकमेकांच्या विरुद्ध जातात. मारधाडीच्या चित्रपटात शेवटचा निकाल शस्त्राने लागतो, म्हणजे गोळी लागली की माणूस मरतो हा नियम प्रेक्षकाने गृहीत धरलेला असतो. भयपटात मात्र समोरच्या शक्तीवर शस्त्र चालत नाही, यातूनच भीती जन्माला येते. दोन्ही एकत्र आणायचे तर गोळी केव्हा चालेल आणि केव्हा चालणार नाही याचा स्पष्ट नियम कथेला सांगावा लागतो व शेवटपर्यंत पाळावाही लागतो. 'झपाटलेला'मध्ये हा नियम आहे. मांत्रिक बाबा चमत्कार याच्याकडून मृत्युंजय मंत्र बळजबरीने मिळवलेला गुंड तात्या विंचू इन्स्पेक्टर महेश जाधव याच्या गोळीने मरणपंथाला लागतो, मंत्राच्या जोरावर आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो आणि पुढे त्याला कळते की, ज्या माणसाला त्याने आपले खरे रूप प्रथम सांगितले त्याच्याच देहात त्याला शिरता येईल. तो माणूस म्हणजे लक्ष्या बोळके. बाहुल्याचा अंत करायचा तर दोन भुवयांच्या मधोमध गोळी बसली पाहिजे, एवढी एकच वाट कथेने मोकळी ठेवली आहे. पोलिसाचे पिस्तूल त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही, पण त्याला अचूक नेमाची अट पडते.

ही मांडणी कोठारे यांची स्वतःची नाही. टॉम हॉलंड दिग्दर्शित 'चाइल्ड्स प्ले' हा अमेरिकन चित्रपट १९८८ मध्ये आला, आणि त्यात मरणाऱ्या गुन्हेगाराचा आत्मा मंत्रबळाने बाहुल्यात शिरतो, प्रथम गुपित सांगितलेल्या व्यक्तीच्या देहाची त्याला गरज पडते, हे सारे जसेच्या तसे आहे. तिथे गोळी हृदयात लागावी लागते, इथे ती भुवयांमध्ये आली, इतकाच काय तो फरक. उसनवारी ही चित्रपटाची उघड उणीव आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. मात्र उसनी कथा कोणत्या जमिनीत लावली हेही पाहावे लागते. एका देहातून दुसऱ्या देहात शिरण्याची विद्या, म्हणजे परकायाप्रवेश, मराठी श्रोत्याला मुळीच परकी नाही. 'नवनाथ भक्तिसारा'त मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या मृत देहात प्रवेश करतात आणि त्यांच्या मूळ देहाची राखण गोरक्षनाथांवर येते, ही कथा घरोघरच्या पारायणांतून पोहोचलेली आहे. अमेरिकन कथेतील परमुलखातला जादूटोणा मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावा लागला असता. परकायाप्रवेश सांगावा लागला नाही.

चित्रपटाचे खरे बलस्थान मात्र याहून वेगळ्या ठिकाणी आहे. 'चाइल्ड्स प्ले'मध्ये बाहुला ज्याच्या मागे लागतो तो सहा वर्षांचा मुलगा आहे, आणि त्याच्या सांगण्यावर मोठी माणसे विश्वास ठेवत नाहीत याचे कारण त्याचे वय. 'झपाटलेला'त लहान मुलाच्या जागी लक्ष्मीकांत बेर्डे यांचा भोळा, भित्रा, पण प्रौढ लक्ष्या आला आणि त्याला बोलक्या बाहुल्यांच्या खेळाचा नाद असल्याचे दाखवले गेले. या खेळाला शब्दभ्रम म्हणतात. ओठ न हलवता कलावंत असा आवाज काढतो की तो हातातल्या बाहुल्याच्याच तोंडून निघाल्याचा भास व्हावा. आता बाहुला खरोखरच बोलू लागला तरी ऐकणारा तो आवाज लक्ष्याचाच समजणार, बाहुल्याने केलेल्या धमक्या लक्ष्याच्या नावावर जमा होणार आणि त्याने खरे सांगितले तर त्याला वेड लागले असेच लोक मानणार. थरारपटात नायकावर कोणी विश्वास न ठेवणे हे नेहमीचे सूत्र असते आणि पुष्कळदा ते ओढूनताणून आणलेले असते. येथे ते नायकाच्या छंदातूनच उगवते. मूळ चित्रपटावर मात करणारी ही एकच गोष्ट असेल, पण ती मोठी आहे.

या योजनेला महाराष्ट्रातील बाहुलीकलेचे पाठबळ होते. तात्या विंचूचा बाहुला घडवणारे व चालवणारे रामदास पाध्ये हे 'अर्धवटराव' या बाहुल्याचे जनक यशवंत केशव पाध्ये यांचे पुत्र, आणि शब्दभ्रमाची ही कला त्यांच्याकडे घरातूनच आलेली. नवी मुंबईत वाशी येथील नाट्यगृहाला ज्यांचे नाव दिले आहे ते विष्णुदास भावे यांची ओळख १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणणारे नाटककार अशी आहे. त्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या आणि कालांतराने त्या बाहुल्यांना पुन्हा खेळते करण्याचे काम रामदास पाध्ये यांनीच केले, हे त्या नाट्यगृहात जाणाऱ्या अनेकांना माहीत नसेल. तात्या विंचूच्या चेहऱ्यात जो जिवंतपणा आहे तो यंत्राचा नसून हाताचा आहे. त्याला दिलीप प्रभावळकर यांचा आवाज मिळाला. देहधारी गुंड म्हणून ते पडद्यावर थोडाच वेळ दिसतात, पण त्या थोडक्या वेळात रुजवलेली कुत्सित लकब पुढे बाहुल्याच्या बोलण्यात सहज ओळखू येते. 'चौकट राजा'तील निरागस, मतिमंद नंदू साकारून जेमतेम दोन वर्षे झालेल्या नटाने हे करावे, याचे आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही.

हातावर चालणाऱ्या बाहुल्याची मर्यादाही चित्रपटात दिसते. चालवणारा चौकटीबाहेर लपवावा लागत असल्याने बाहुल्याच्या हालचाली तुकड्यातुकड्यांनी जोडाव्या लागतात, आणि पाठलागाच्या प्रसंगांत त्या जोडांचे सांधे उघडे पडतात. ही उणीव काळाची आणि खर्चाची आहे. ती क्षम्य मानता येईल.

क्षम्य नाही ती उणीव सुराची. भीती दाटून येऊ लागली की चित्रपट घाईघाईने विनोदाकडे वळतो: विजय चव्हाण यांचा हवालदार, लक्ष्याची भेदरट धांदल, गाणी. यातले पुष्कळ काही स्वतंत्रपणे रंगतदार आहे आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या भित्रेपणाचा विनोद तर भीतीला पूरकच ठरतो, कारण तो घाबरलेल्या माणसाचाच विनोद आहे. पण इतरांच्या विनोदाचा कथेतील संकटाशी संबंध नसल्याने ताण सुटतो आणि तो पुन्हा पहिल्यापासून बांधावा लागतो. नायिकांच्या वाट्याला तर फारसे काही आलेले नाही. गौरी आणि आवडी या दोघी गाण्यांपुरत्या व संकटात सापडण्यापुरत्या उरतात, आणि लक्ष्याच्या आईच्या भूमिकेतील मधू कांबीकर यांनी आणलेला कळवळा एवढाच काय तो कथेतला भावनिक आधार ठरतो. बाबा चमत्कार हे पात्रही अर्ध्यावर सोडले आहे: ज्याने ही विद्या सांभाळली आणि धाकापोटी का होईना, गुंडाच्या हाती दिली, त्याची जबाबदारी किती, हा प्रश्न चित्रपट स्वतःला विचारत नाही. चित्रपटाने प्रबोधनाचे काम करावे अशी अपेक्षा नाही, पण प्रश्न कथेच्या पोटातलाच होता.

भीतीला शेवटपर्यंत भीतीच राहू देणारे उदाहरण त्याच सुमारास नायजेरियात घडले. ख्रिस ओबी रापू दिग्दर्शित 'लिव्हिंग इन बाँडेज' हा इग्बो भाषेतील चित्रपट १९९२ मध्ये चित्रपटगृहांऐवजी थेट व्हिडिओ कॅसेटवर आला आणि नॉलिवूड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील चित्रउद्योगाला त्याने बाळसे दिले. श्रीमंतीच्या हव्यासाने गुप्त पंथात शिरलेला अँडी आपली पत्नी मेरिट हिचा बळी देतो, धनवान होतो आणि तिच्या भुताने पछाडला जातो, एवढीच त्याची कथा. चित्रण साधे, प्रकाशयोजना आणि ध्वनी कच्चे, लांबी अवाजवी. तंत्राच्या कसोटीवर 'झपाटलेला' त्याच्या कितीतरी पुढे आहे. परंतु तेथे अलौकिक शक्ती पात्राच्या पापाला चिकटलेली असल्याने तिच्यातून सुटका नाही, तर तात्या विंचूचे संकट लक्ष्यावर केवळ योगायोगाने कोसळते आणि योग्य ठिकाणी गोळी बसली की संपते. हव्यासाचीच भीती कथेच्या गाभ्याशी ठेवणारा, कोकणातील गावाच्या पार्श्वभूमीवरचा राही अनिल बर्वे यांचा हिंदी 'तुंबाड' २०१८ मध्ये आला, तेव्हा मराठी मातीतल्या भीतीला ही वाट मोकळी होती हे स्पष्ट झाले.

कोठारे यांनी वेगळी वाट धरली, तंत्राची. 'धडाकेबाज'द्वारे १९९० मध्ये मराठीत सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचे तंत्र, आणणाऱ्या या दिग्दर्शकाने २०१३ मध्ये 'झपाटलेला २' त्रिमितीत काढला, म्हणजे विशेष चष्म्यातून पाहताना पडद्यावरील वस्तू अंगावर येत असल्याचा भास व्हावा अशा पद्धतीने. प्रभावळकरांचा आवाज आणि पाध्ये यांचा बाहुला त्यातही होते. लक्ष्मीकांत बेर्डे मात्र २००४ मध्येच निवर्तले होते, आणि लक्ष्याच्या मुलाच्या भूमिकेत आदिनाथ कोठारे आले. बाहुला अधिक चपळ झाला, चित्र अधिक झळझळीत झाले. पण बाहुल्याकडे पाहून खरोखर घाबरणारा आणि त्या घाबरण्याने प्रेक्षकाला हसवता हसवता अस्वस्थ करणारा चेहरा समोर नव्हता, आणि ती जागा त्रिमितीला भरून काढता आली नाही.