माती टाकली म्हणजे शेकोटी विझली? कॅम्पिंगला जाणारे हमखास करतात ही चूक!

रात्री साडेबारापर्यंत गाणी झाली, अंताक्षरी झाली, निखाऱ्यात बटाटे भाजून झाले. पहाटे सूर्योदय बघायचा म्हणून सगळे पाचला उठले. तंबू गुंडाळले, सॅक भरल्या. कोणीतरी बुटानं थोडी माती राखेवर लोटली, ग्रुप फोटो झाला आणि मंडळी गड उतरायला लागली.

थंडीतल्या कुठल्याही शनिवार-रविवारी सह्याद्रीत हे दृश्य दिसतं. कॅम्पफायर कसा पेटवायचा याचे व्हिडिओ ढिगानं सापडतात. पण घोटाळा बहुतेक वेळा पेटवताना होत नाही, निघताना होतो. आणि वरच्या गोष्टीत तो त्या मातीत आहे.

आजी हेच करायची, पण उलट कारणासाठी

काडेपेटी जपून वापरायचे दिवस आठवतात का? रात्रीचा स्वयंपाक झाला की चुलीतला एखादा जाड निखारा राखेत पुरून ठेवायचे. सकाळी राख बाजूला सारली की आत विस्तव तसाच लाल! फुंकणीनं दोन फुंका मारल्या की चूल पेटली.

यामागचं विज्ञान साधं आहे. राख आणि कोरडी माती उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. ज्वाळेला भरपूर हवा लागते, निखाऱ्याला मात्र थोडीशीही पुरते. मातीच्या फटींतून तेवढी मिळत राहते. ज्वाळा दिसत नाही, धूर फारसा येत नाही आणि निखारा तासन्‌तास आतल्या आत धुमसत राहतो. म्हणजे विस्तव जिवंत ठेवण्यासाठी आजी जे करायची, तेच आपण तो विझवण्यासाठी करतो.

आता पुढचं बघा. पहाटे हवा पडलेली असते, त्यामुळे सगळं शांत वाटतं. ऊन चढलं की डोंगरउतार तापतो आणि वारा उताराच्या दिशेनं वर वाहू लागतो. हा वारा राख उडवतो, निखारा उघडा पडतो, एखादी ठिणगी शेजारच्या गवतावर जाते. पावसाळ्यात कमरेएवढं वाढलेलं गवत डिसेंबर-जानेवारीत वाळून कोळ झालेलं असतं. त्यात उतारावरची आग सपाटीपेक्षा वेगानं पळते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. शेकोटी पेटवणारे तोवर पायथ्याच्या हॉटेलात पोहे खात असतात.

अशा वणव्यात मोठी झाडं कधी कधी तगतात, पण रोपटी जात नाहीत असं होत नाही. जमिनीवरची घरटी, सरडे, साप, कासवं यांना पळायला वेळच मिळत नाही. पायथ्याच्या गावानं गुरांसाठी कापून रचलेल्या गवताच्या गंजीही त्यात जाऊ शकतात. चारा जळाला की उन्हाळाभर जनावरांना काय घालायचं, हा प्रश्न त्या घरासाठी फोटोच्या लाइक्सपेक्षा बराच मोठा असतो.

मग विझवायची कशी?

पाण्यानं, आणि रात्रीच. झोपण्याआधी अर्धा-पाऊण तास नवं लाकूड टाकणं थांबवा, म्हणजे आहे ते जळून जातं. मग बाजूला उभं राहून हळूहळू पाणी ओता, कारण एकदम उठणारी वाफही भाजते. काठीनं सगळं ढवळा, पुन्हा पाणी ओता. कडेचे दगड उलटवून त्यांच्याखालीही ओता. चुर्र आवाज येणं थांबलं की हाताची मागची बाजू राखेच्या वर थोड्या अंतरावर धरून बघा. ऊब लागली, तर काम अजून संपलेलं नाही. गार लागली, तरच हात लावून खात्री करा. सकाळी निघताना हीच तपासणी परत करायची.

यासाठी पिण्याच्या पाण्याशिवाय एक भरलेला कॅन हवा. गडावरचं टाकं लांब असेल आणि तेवढं पाणी आणता येणार नसेल, तर शेकोटी नकोच. स्वेटर आणि कानटोपीवर रात्र निघते!

पेटवण्याआधी

पहिला प्रश्न परवानगीचा. राखीव वनात जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा जळती सोडून जाणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. अभयारण्यांसाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं कलम ३० आहे. ट्रेकर्सचा लाडका हरिश्चंद्रगड आणि कळसूबाई हा परिसर अभयारण्यात येतो, हे अनेकांच्या गावीही नसतं. तटबंदीला किंवा लेण्याच्या भिंतीला टेकून शेकोटी लावणं तर कुठेच योग्य नाही. काजळी दगडात मुरते.

परवानगी असलेल्या कॅम्पसाइटवर आधीच्या शेकोटीची जागा असेल, तर तीच वापरा. नसेल तर उघडी माती किंवा कातळ शोधा आणि चहूबाजूंनी दहा फुटांपर्यंतचं गवत, पाला साफ करा. वणवा अडवायला वनखातं जाळरेषा काढतं, त्याचंच हे छोटं रूप. तंबू पंधरा फूट तरी लांब आणि वारा येतो त्या बाजूला हवेत. नायलॉनला एक ठिणगी पुरते.

कडेला लावायचे दगड ओढ्यातून उचलू नका. सह्याद्रीच्या काळ्या दगडात अनेकदा बारीक छिद्रं असतात, त्यात पाणी मुरलेलं असतं. तापल्यावर त्याची वाफ होते आणि दगड फुटून कपच्या उडू शकतात.

लाकूड गावातून विकत घेतलेलं उत्तम. मनगटापेक्षा जाड ओंडके टाळा, ते झोपायच्या वेळेपर्यंत जळून संपत नाहीत. कण्हेरीचं लाकूड चुकूनही नको, तिचा धूर विषारी असतो. पेट्रोल ओतायची हौस करू नये, कारण भडका बाटलीपर्यंत येतो. आणि शेकोटी गुडघ्याएवढी पुरे, तिच्याभोवती लोक जवळ बसतात तरी.

थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची पाटी तंबूत नेणं हा तर जिवाशी खेळ आहे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही.

इतकं करूनही आग हाताबाहेर गेलीच, तर उताराच्या वरच्या दिशेला पळू नका. बाजूला सरका, शक्यतो उघड्या कातळावर किंवा आधीच जळून गेलेल्या, विझलेल्या जागेवर जा आणि रेंज मिळताच वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला किंवा ११२ ला फोन करा. जवळच्या गावाचं आणि डोंगराच्या बाजूचं नाव सांगा. पायथ्याच्या गावात ओळखीचं कोणी असेल तर त्यांनाही लगेच कळवा, बहुतेक वेळा सगळ्यात आधी तेच पोहोचतात.