बियांपासून कंदफुले : भाग ७
क्रायनमचे ओले बी

क्रायनमच्या फळाला उकलण्याची ठरावीक रेघ नसते. गेल्या भागातल्या हिप्पिस्ट्रमचे बोंड पिकले की तीन फाकांत उघडते आणि आतल्या काळ्या, कागदी बिया वाऱ्यावर जायला मोकळ्या होतात. नागदवणा, गडांबी कांदा या क्रायनमच्या जातींचे फळ मात्र आतली बी वाढेल तसे ताणत जाते. शेवटी त्याची पातळ साल वेडीवाकडी फाटते. फळांच्या भाराने फुलाचा दांडा तोवर जमिनीवर लोळलेला असतो. बाहेर पडते ते बी हिरवट, ओबडधोबड आणि हाताला जड लागणारे असते. एका फळात कधी एकच बी मिळते, कधी चार-पाच, आणि त्यांचा आकार एकसारखा क्वचितच असतो.

या बीची घडणच निराळी आहे. बहुतेक फुलझाडांच्या बीजांडाभोवती आवरणे असतात व त्यांचेच पुढे बीचे टरफल होते. क्रायनमच्या बीजांडाला आवरणे नसतातच, त्यामुळे बीला खरे टरफलही नसते. डोळ्यांना दिसतो तो जवळजवळ सगळा भ्रूणपोष, म्हणजे गर्भासाठी साठवलेले अन्न आणि पाणी. त्याच्या बाहेरच्या पेशींचा बुचाचा पातळ थर होतो, तर त्याखालच्या पेशींत हरितद्रव्य असते. नागदवणा आशियाच्या उष्ण किनाऱ्यांवर पसरला त्यामागे हा थर आहे, कारण त्यामुळे त्याचे बी समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूर जाऊ शकते.

कळलावीचे बी या भागात घ्यायचे ठरले होते, ते पुढच्या भागात येईल. एका वाचकाच्या प्रश्नाने हा भाग क्रायनमकडे वळला आहे. गडांबी कांद्याच्या बिया पावसाळ्यानंतर पेराव्यात म्हणून पाकिटात घालून फडताळात ठेवल्या होत्या. काही आठवड्यांनी पाकीट उघडले तर प्रत्येक बीला पांढरट दोर फुटलेला. आता या बिया वाया गेल्या का, असा प्रश्न होता. त्या वाया गेलेल्या नाहीत. क्रायनमचे बी असेच वागते. ते पेरणीची वाट पाहत नाही, मातीची नाही आणि पाण्याचीही नाही.

बियांचे दोन गट ई. एच. रॉबर्ट्स यांनी १९७३ साली मांडले. पहिल्या गटातल्या बिया नीट वाळवून थंडीत ठेवल्या की वर्षानुवर्षे टिकतात. दुसऱ्या गटातल्या वाळल्या की मरतात. आंबा, फणस आणि क्रायनम हे दुसऱ्या गटातले. नेरीन, हीमँथस, ब्रन्सविजिया हे दक्षिण आफ्रिकेतले क्रायनमचे भाऊबंदही त्यातच बसतात. म्हणून क्रायनमचे बी उन्हात वाळवू नये, राखेत घोळवू नये, फ्रीजरमध्ये तर ठेवूच नये. पाठवायचे असेल तर कागदात गुंडाळून लगेच पाठवावे. बी विकत घेताना ते कधी काढले हे विचारावे. सुरकुतलेले आणि हलके बी घेऊ नये.

फुटलेला तो दोर मूळ नव्हे. अनेकांची फसगत इथेच होते. तो बीजपत्राचा लांबलेला भाग आहे. त्याचे एक टोक बीच्या आत राहून अन्न शोषते आणि दुसरे टोक कोंब व मूळ घेऊन जमिनीत उतरते. काही सेंटिमीटर खाली गेल्यावर ते टोक फुगते. तिथे आधी इवलासा कांदा तयार होतो, मग खरे मूळ सुटते आणि त्यानंतर एका फटीतून पहिले पान वर येते. या काळात कुंडीच्या पृष्ठभागावर काहीच घडताना दिसत नाही. बी कुजले असे समजून कुंडी उकरली की नेमका हा दोर तुटतो. तेव्हा उकरू नये.

फडताळात रुजलेल्या बीचा दोर हवेतच लांबतो आणि कांदाही कधी कधी हवेतच धरतो. असे बी ओल्या मातीवर आडवे ठेवावे. काडीने भोक पाडून दोराचे टोक एक-दोन सेंटिमीटर खाली सोडावे. बी कापून टाकू नये. पहिल्या पानानंतरही रोप त्यातून अन्न घेत असते. काम संपले की बी आपोआप आकसते आणि गळते.

ताज्या बीलाही हीच रीत लागू आहे. पोयटा माती, जाड रेती आणि थोडे गांडूळखत यांचे पाण्याचा निचरा होणारे मिश्रण घ्यावे. बी त्यावर अर्धे रुतेल इतकेच दाबावे. पूर्ण पुरलेले बी पावसाळ्यात सहज कुजते. दोर खाली जात असल्याने उथळ ट्रे उपयोगाचा नाही, उंच कुंडी किंवा पिशवी घ्यावी. जागा उजेडाची हवी, पण दुपारचे ऊन नको. पहिल्या वर्षी रोपाला सुप्तावस्थेत जाऊ देऊ नये. मोठा गडांबी कांदा कोरड्या दिवसांत पाने टाकतो, पण रोपाला मात्र हिवाळ्या-उन्हाळ्यातही बेताचे पाणी देत राहिले तर कांदा लवकर भरतो. फूल यायला साधारण तीन ते पाच वर्षे लागतात.

खरा शत्रू म्हणजे लिली पतंगाची अळी. काळ्या अंगावर पांढरे-नारिंगी ठिपके असलेल्या या अळ्या कळलावी, हिप्पिस्ट्रम आणि क्रायनम तिन्हींवर तुटून पडतात. मोठा कांदा पाने गेली तरी पुन्हा फुटतो, पण पहिल्या वर्षाचे रोप एका रात्रीत संपू शकते. पावसाळ्यात पानांच्या मागची बाजू रोज पाहावी, अंड्यांचे पुंजके आणि अळ्या हाताने काढाव्यात.

हे सारे सह्याद्रीसाठी फार मोलाचे आहे. क्रायनम ब्रॅकिनेमा आणि क्रायनम वुड्रोवी या महाबळेश्वर परिसरातून नोंदल्या गेलेल्या जाती फार थोड्या जागी उरल्या आहेत. दुसरीला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या जी. मार्शल वुड्रो यांचे नाव आहे. बीजपेढीत बिया वाळवून शून्याखाली १८ अंशांच्या आसपास ठेवतात, पण तो मार्ग या बियांना बंद आहे. त्यांचा संग्रह म्हणजे वाढती झाडेच. रानातला कांदा उपटून ती वाढत नाहीत, उलट होती ती जागाही रिकामी होते. वनस्पती उद्यानात फुललेल्या झाडांचे ताजे बी लगेच पेरणे आणि रोपे वाटणे हाच उपाय उरतो.

मात्र क्रायनमच्या जातींचा आपसांत संकर होतो. विल्यम हर्बर्ट यांनी १९ व्या शतकाच्या पूर्वार्धातच असे संकर घडवले होते. बागेत नागदवणा शेजारी फुललेला असेल तर दुर्मिळ जातीच्या बीची खात्री देता येत नाही. त्यासाठी कळी उमलण्याआधी तिचे परागकोश काढावेत, फुलावर जाळीची पिशवी बांधावी आणि त्याच जातीच्या दुसऱ्या झाडाचे पराग ब्रशने कुक्षीवर लावावेत. फळाच्या देठाला चिठ्ठी बांधून तिच्यावर दोन्ही झाडांची नावे व तारीख लिहावी. तीच चिठ्ठी पुढे कुंडीत खोचावी.