मतदारसंघाची रेघ कोण ओढणार? मिशिगनच्या लोकांनी पक्षांच्या हातून पेन्सिल काढून घेतली त्याची गोष्ट

निवडणूक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर प्रचार, मतदान आणि निकाल येतो. अमेरिकेत मात्र अनेक जागांचा निकाल त्याच्या कितीतरी आधी, टेबलावर नकाशा पसरून लागलेला असतो.

२०१२ मध्ये मिशिगन राज्यात असंच झालं. अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी राज्यभरात डेमोक्रॅटिक पक्षाला रिपब्लिकन पक्षापेक्षा जास्त मतं मिळाली, पण १४ पैकी ९ जागा रिपब्लिकन पक्षाने जिंकल्या. मतमोजणीत काही घोळ नव्हता. मतदारसंघच तसे आखलेले होते.

हे कसं जमतं, ते एका सोप्या हिशेबातून बघा. समजा पाच मतदारसंघ आहेत, प्रत्येकी १०० मतदारांचे. ५०० मतदारांपैकी २४० 'अ' पक्षाचे आणि २६० 'ब' पक्षाचे. आता 'ब'चे ९० मतदार एकाच मतदारसंघात कोंबले, तर ती जागा 'ब' दणक्यात जिंकेल. पण उरलेल्या चार मतदारसंघांत 'अ'चे २३० आणि 'ब'चे १७० मतदार राहतात. ते नीट वाटले की चारही जागा 'अ'च्या. मतं कमी, जागा चौपट.

आपल्याकडे मतदारसंघांच्या सीमा परिसीमन आयोग ठरवतो. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना झाली की बहुतेक राज्यांत विधिमंडळच नवा नकाशा मंजूर करतं आणि गव्हर्नर त्यावर सही करतो. थोडक्यात, ज्यांना निवडून यायचं आहे तेच आपले मतदार निवडतात. २०१० च्या निवडणुकीत मिशिगनची दोन्ही सभागृहं आणि गव्हर्नरपद रिपब्लिकन पक्षाकडे आलं आणि पुढच्या वर्षी नकाशा त्यांनी काढला. संधी मिळाली तिथे डेमोक्रॅटिक पक्षानेही हेच केलंय. इलिनॉय आणि मेरीलँड ही त्याची उदाहरणं.

या प्रकाराला जेरीमँडरिंग म्हणतात. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सही केलेल्या नकाशातला एक मतदारसंघ सॅलॅमँडर या सरड्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या आकाराचा दिसत होता. वर्तमानपत्राने त्याचं व्यंगचित्र छापलं आणि दोन्ही नावं जोडून शब्द तयार झाला.

एका फेसबुक पोस्टपासून

नोव्हेंबर २०१६ मध्ये, अध्यक्षीय निवडणुकीच्या दोनच दिवसांनंतर, मिशिगनमधल्या केटी फेही या तरुणीने फेसबुकवर लिहिलं की तिला राज्यातल्या जेरीमँडरिंगविरुद्ध काहीतरी करायचंय, कोणाला सोबत यायचं असेल तर सांगा. राजकारणाचा अनुभव जवळजवळ शून्य. पण लोक जमत गेले आणि 'व्होटर्स नॉट पॉलिटिशियन्स' ही संघटना उभी राहिली.

मिशिगनच्या राज्यघटनेत एक सोय आहे. पुरेशा मतदारांच्या सह्या गोळा केल्या, तर विधिमंडळाला बाजूला ठेवून घटनादुरुस्तीचा प्रस्ताव थेट जनतेच्या मतदानाला टाकता येतो. त्यासाठी तेव्हा ३,१५,६५४ सह्या लागत होत्या. अमेरिकेत हे काम सहसा पैसे देऊन कंपन्यांकडून करून घेतात. इथे स्वयंसेवक उभे राहिले आणि जेमतेम चार महिन्यांत सव्वाचार लाखांहून जास्त सह्या आल्या. त्याआधी संघटनेने ३३ दिवसांत ३३ जाहीर सभा घेऊन लोकांना विचारलं होतं की नकाशा कोणी काढावा असं तुम्हाला वाटतं.

विरोधक कोर्टात गेले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात प्रस्ताव ४ विरुद्ध ३ मतांनी, म्हणजे अगदी काठावर वाचला. आणि हे सगळं निव्वळ घामावर झालं असंही नाही. मतदानाच्या वर्षी राज्याबाहेरच्या संस्थांकडून मोठमोठ्या देणग्या आल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये सुमारे ६१ टक्के मतदारांनी प्रस्ताव मंजूर केला.

आता तिथे १३ सामान्य नागरिकांचा आयोग नकाशा काढतो. चार डेमोक्रॅटिक, चार रिपब्लिकन आणि पाच कोणत्याच पक्षाचे नसलेले. निवड सोडतीने होते. गेल्या सहा वर्षांत निवडणूक लढवलेले, पक्षाचे पदाधिकारी किंवा लॉबिंग करणारे अर्ज करू शकत नाहीत. नकाशा मंजूर व्हायला तिन्ही गटांतल्या किमान दोघांचा होकार लागतो. पहिल्या वेळी नऊ हजारांहून जास्त अर्ज आले.

२०२२ मध्ये नव्या नकाशावर डेमोक्रॅटिक पक्षाला सुमारे ४० वर्षांनी दोन्ही सभागृहं मिळाली. २०२४ मध्ये कनिष्ठ सभागृह पुन्हा रिपब्लिकन पक्षाकडे गेलं. माझ्या मते, ही सत्तापालटाची शक्यता हेच आयोगाचं खरं यश. तरी आयोगाचंही चुकलंच. डेट्रॉइटमधल्या कृष्णवर्णीय वस्त्या लांबलचक पट्ट्यांनी उपनगरांना जोडल्या गेल्या. तिथल्या रहिवाशांनी दाद मागितली आणि डिसेंबर २०२३ मध्ये फेडरल न्यायालयाने राज्य विधिमंडळाचे १३ मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले. आयोगाला ते पुन्हा आखावे लागले.

सगळीकडे हे का होत नाही?

कारण अशा थेट प्रस्तावाची सोय साधारण निम्म्याच राज्यांत आहे. टेक्सासमध्ये ती नाही. फेडरल न्यायालयांचा रस्ताही बंद आहे. पक्षीय फायद्यासाठी आखलेल्या नकाशांवर आम्ही निर्णय देऊ शकत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं.

२०२५ मध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न बघता रिपब्लिकन पक्षाला पाच जागा वाढाव्यात असा नकाशा मंजूर केला. उत्तर म्हणून कॅलिफोर्नियातल्या डेमोक्रॅटिक नेत्यांनी मतदारांपुढे प्रस्ताव ठेवला की नागरिक आयोगाने काढलेला संसदीय नकाशा काही वर्षं बाजूला ठेवू. हा आयोग तिथल्याच मतदारांनी २००८ मध्ये स्थापन केला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी मोठ्या बहुमताने होकार दिला. २०३० च्या निवडणुकीपर्यंत तिथे पक्षाचाच नकाशा चालेल, त्यानंतरच्या जनगणनेवर पेन्सिल पुन्हा आयोगाकडे जाईल.