उत्तर की दक्षिण? जपानने १९४१ मध्ये शत्रू कसा निवडला

२२ जून १९४१ ला हिटलरने सोव्हिएत संघावर आक्रमण केलं आणि टोकियोत खल सुरू झाला. संधी साधून सैबेरियात घुसायचं, की दक्षिणेला वळायचं? परराष्ट्रमंत्री मात्सुओका रशियावर हल्ल्यासाठी हटून बसले. एप्रिलमध्ये मॉस्कोत तटस्थतेचा करार त्यांनीच केला होता!

पण लष्कर पोळलेलं होतं. १९३९ मध्ये मंगोलियाच्या सीमेवर, खाल्खिन गोलला, सोव्हिएत सेनानी झुकोव्हच्या रणगाड्यांनी जपानची २३ वी डिव्हिजन जवळजवळ संपवली होती. त्यात १९३७ पासून चीनमध्ये फौज अडकलेली. आणि सैबेरिया जिंकूनही तेल मिळणार नव्हतं. माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच.

जपानचं बहुतेक तेल अमेरिकेतून येई. जुलैअखेर जपानी फौजा दक्षिण इंडोचायनात उतरल्या. अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली, पाठोपाठ तेलही बंद झालं. साठा रोज घटत होता. तेल होतं डचांच्या ताब्यातल्या सुमात्रा-बोर्निओत.

मग फक्त डच आणि ब्रिटिशांशीच का नाही लढले? हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. नकाशा पाहा: तेल आणण्याच्या सागरी मार्गालगत फिलिपिन्स, तिथे अमेरिकेचे तळ. ब्रिटनवर हल्ला झाला तर अमेरिका गप्प बसणार नाही, असं जपानी नौदलाचं ठाम मत होतं. म्हणून जपानच्या संयुक्त आरमाराचे प्रमुख यामामोतोंनी अमेरिकेचं पॅसिफिक आरमार आधीच लुळं करण्याची योजना रेटली, आणि ७ डिसेंबरला त्या आरमाराच्या तळावर, पर्ल हार्बरवर, विमानं गेली.