सुरतचा निकाल आणि बढतीची यादी : २०२२ ते २०२४

सुरतचे मुख्य न्यायदंडाधिकारी हरीश हसमुखभाई वर्मा यांचे नाव देशभर झाले ते २३ मार्च २०२३ रोजी. कोलारच्या २०१९ मधील प्रचारसभेतील वक्तव्यावरून आमदार पूर्णेश मोदी यांनी दाखल केलेल्या बदनामीच्या खटल्यात त्यांनी राहुल गांधी यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि दुसऱ्याच दिवशी गांधींची खासदारकी गेली. महिनाभरात गुजरात सरकारच्या १८ एप्रिलच्या अधिसूचनेत बढती मिळालेल्या ६८ न्यायाधीशांमध्ये वर्मांचेही नाव आले. निकाल आणि बढती यांची सांगड लोकांनी लगेच घातली. कागदपत्रांतील तारखा मात्र वेगळेच सांगतात.

त्या तारखांकडे वळण्याआधी न्यायाधीशाची पारख कोण करतो, ते पाहू. अमेरिकेतील अनेक राज्यांत न्यायाधीशाला ठरावीक काळानंतर मतदारांसमोर जावे लागते. मतपत्रिकेवर प्रश्न एकच असतो : यांना पदावर ठेवायचे की नाही? मिझुरी राज्याने ही पद्धत १९४० मध्ये स्वीकारली. समलिंगी विवाहाच्या निकालामुळे आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयातील तिघा न्यायमूर्तींना २०१० मध्ये मतदारांनी घरी पाठवले. भारतात जिल्हा न्यायालयातला न्यायाधीश मतदाराला बांधील नसतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ नुसार खालच्या न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे असते. सुरतसाठी हे उच्च न्यायालय १ मे १९६० पर्यंत मुंबईचे होते, त्यानंतर गुजरातचे झाले. सेवेच्या उत्तरार्धात न्यायाधीशाला पुढे ठेवायचे की सक्तीने निवृत्त करायचे, हेही उच्च न्यायालय त्याचे सेवापुस्तक आणि गोपनीय अहवाल पाहून ठरवते.

बढतीचे गणितही तिथेच मांडले जाते. जिल्हा न्यायाधीशांच्या ६५ टक्के जागा वरिष्ठ दिवाणी न्यायाधीशांमधून भराव्यात, आधी गुणवत्ता आणि मग ज्येष्ठता पाहावी, असा गुजरातचा २००५ चा नियम होता. या वाट्यातील ६८ जागांसाठी उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०२२ रोजी सूचना काढली. परीक्षा २०० गुणांची होती : लेखी परीक्षेला १००, उमेदवाराने मागील वर्षभरात दिलेल्या निकालपत्रांच्या परीक्षणाला ६०, पाच वर्षांच्या गोपनीय अहवालांना २० आणि पाच वर्षांत निकाली काढलेल्या प्रकरणांना २०. प्रत्येक भागात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के मिळवणारा पात्र ठरे. यात निकालपत्रांना दिलेले ६० गुण सर्वांत मोलाचे, कारण न्यायाधीशाची खरी पारख त्याने लिहिलेल्या कारणांतच होते. अंतिम यादी १० मार्च २०२३ रोजी लागली. म्हणजे सुरतचा निकाल येण्याच्या तेरा दिवस आधीच ती तयार होती.

वाद पेटला तो वेगळ्याच मुद्द्यावर. पात्र ठरलेल्यांमधून ६८ जण निवडताना उच्च न्यायालयाने ज्येष्ठतेचा क्रम धरला होता. त्यामुळे १४८.५ आणि १३५.५ गुण मिळवलेले दोन अधिकारी मागे राहिले आणि १०१ गुणांवरच्या ज्येष्ठांना बढती मिळाली. दोघांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने १३ एप्रिलला नोटीस काढली, तरीही पाच दिवसांनी सरकारने नेमणुकांची अधिसूचना काढली. ही घाई खंडपीठाला खटकली. न्या. एम. आर. शहा आणि न्या. सी. टी. रविकुमार यांनी १२ मे रोजी या बढत्यांना स्थगिती दिली. गुणांच्या यादीत मागे असलेल्यांना मूळ पदावर परतावे लागले. गुणानुक्रमेही पहिल्या ६८ मध्ये असलेल्यांना धक्का बसला नाही, आणि वर्मा त्यांच्यातलेच होते.

पुढे ४ ऑगस्ट २०२३ रोजी गांधींच्या दोषसिद्धीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. कायद्यातील कमाल शिक्षा का दिली, याची कारणे सुरतच्या निकालपत्रात नाहीत, हे त्यामागचे महत्त्वाचे निरीक्षण होते. बढतीच्या प्रकरणाशी या आदेशाचा संबंध नव्हता. निकालाची चूक वरच्या न्यायालयाने दुरुस्त करायची आणि न्यायाधीशाची पारख उच्च न्यायालयाने करायची, असे हे दोन मार्ग स्वतंत्र आहेत. ते स्वतंत्र आहेत म्हणूनच खालच्या न्यायालयातला माणूस निर्धास्तपणे निकाल लिहू शकतो.

बढतीचा अंतिम निकाल १७ मे २०२४ रोजी आला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांनी उच्च न्यायालयाची निवड वैध ठरवली. किमान गुणांची चाळणी आधी लावली आणि तीतून पार पडलेल्यांना ज्येष्ठतेने घेतले, तर गुणवत्तेचे तत्त्व मोडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र नियम सुधारताना तोंडी परीक्षा ठेवावी, किमान गुणांची अट उंचवावी, एकाऐवजी दोन वर्षांची निकालपत्रे तपासावीत आणि ज्येष्ठतेला वेगळे गुण द्यावेत, असेही त्यांनी सुचवले. पुढे २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांच्या जागांमधला, खात्यांतर्गत मर्यादित स्पर्धा परीक्षेतून बढतीने भरायचा वाटा १० वरून पुन्हा २५ टक्क्यांवर नेला. त्यामुळे ज्या ६५ टक्के वाट्यातील बढत्यांवरून हा वाद झाला, तो वाटा देशभरासाठी ५० टक्क्यांवर आला.