हेवा एकाचा, साथ साऱ्या वर्गाची

जुन्नर तालुक्यातल्या आळे गावात एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले तोच हा रेडा, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. ‘संन्याशाची पोरं’ म्हणून हिणवल्या गेलेल्या ज्ञानेश्वरांची आणि त्यांच्या भावंडांची ही कथा. त्यांचीच दुसरी कथा आळंदीची. ज्ञानेश्वरांची बहीण मुक्ताबाई हिला मांडे भाजायला खापर हवं होतं. द्वेषापोटी विसोबा चाटींनी कुंभारांना दटावलं आणि एकाही कुंभारानं तिला खापर दिलं नाही. द्वेष एकाचा होता. मुक्ताबाई रिकाम्या हातानं परतली ती बाकीच्यांनी तो मुकाट्यानं मानल्यामुळे. शाळेतल्या छळाचा अभ्यासही याच दिशेनं बोट दाखवतो.

घोडेगाव किंवा मंचरचा एखादा वर्ग डोळ्यांपुढे आणा. भीमाशंकरच्या डोंगरातल्या वाडीवरून आलेली एक ठाकर मुलगी तिथं नवी आहे. तिची बोली निराळी. चाचणीत ती पहिली येते, बाई सगळ्यांदेखत तिला शाबासकी देतात आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या बोलण्याच्या नकला सुरू होतात.

असं का व्हावं? माणूस स्वतःला जोखतो ते आपल्यासारख्यांशी तुलना करून, असं मानसशास्त्रज्ञ लिओन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलं. एकाच इयत्तेतली मुलं तर रोजच एकमेकांशी मोजली जातात. जपानच्या हिदेहिको ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रौढांच्या मेंदूचे स्कॅन तपासले. हेवा वाटताना वेदनेशी निगडित भाग सक्रिय झाला. जिचा हेवा वाटतो त्या व्यक्तीवर संकट आल्याचं वाचताना सुखाशी निगडित भाग. म्हणजे हेवा बोचतो आणि समोरच्याची फजिती त्यावर उतारा ठरते.

पण पहिल्या नंबराला नावं ठेवता येत नाहीत, म्हणून बोलीला ठेवली जातात. कोणती बोली, कोणती जात, कोणता रंग हिणवायचा, हे मुलं मोठ्यांच्या बोलण्यातूनच उचलतात. सगळाच छळ हेव्यातून होत नाही. पण हेव्याला हत्यार हवं असतं आणि ते आपण घरातच घडवून ठेवलेलं असतं.

मग आवर कुठं घालायचा? कॅनडातल्या संशोधकांनी शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती. मध्ये पडली ती फक्त १९ टक्के वेळा. मात्र एखादं मूल मध्ये पडलं, की निम्म्याहून अधिक वेळा दहा सेकंदांत छळ थांबला. फिनलंडमध्ये क्रिस्टिना सालमिवाली यांच्या पुढाकारानं उभा राहिलेला ‘किवा’ उपक्रम म्हणूनच बघ्या मुलांवर भर देतो.

हेवा वाटणाऱ्या मुलालाही वाट दाखवता येते. ‘तिच्याकडे बघ, नाहीतर तू!’ हे वाक्य शिक्षकांनी आणि पालकांनी कायमचं सोडावं. दोघांना एकाच गटात प्रयोग करायला बसवावं. ‘मलाही हे जमेल’ असं वाटू लागलं, की हेव्याचं रूपांतर जिद्दीत होऊ शकतं. परंपरा सांगते, विसोबाच पुढे त्या भावंडांना शरण गेले आणि नामदेवांचे गुरू झाले.

छळ सोसणाऱ्या मुलाला ‘दुर्लक्ष कर’ असं सांगू नका. त्याचं ऐका, शाळेशी बोला आणि गरज पडली तर १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करा. आणि आपलं मूल नुसतं बघत उभं राहत असेल, तर ‘थांब, तिला त्रास देऊ नकोस’ एवढं म्हणायचं धाडस त्याला आजच शिकवा.