एका पायाची सायकल

पावसाळ्यात साताऱ्याचा यवतेश्वर घाट धुक्यात हरवतो, सांगलीत कृष्णा फुगते. मग सायकल हॉलमधल्या ट्रेनरवर, म्हणजे जागीच पेडल मारू देणाऱ्या स्टँडवर, चढते. तिथे शिकावी ती पेडलची फेरी. एक पाय स्टुलावर ठेवा, दुसऱ्यानेच पेडल मारा. फेरीच्या माथ्यावर ‘खट्’ वाजेल: पाय मागे पडला, साखळी सैल होऊन पुन्हा ताणली गेली. रस्त्यावर ही लबाडी दुसरा पाय झाकतो. हलक्या गिअरवर मिनिटभर एक पाय, मग दुसरा. नंतर दोन्हींनी मिनिटाला ८०-९० फेऱ्या, बूड न उसळता. समोर पंखा हवाच. वाऱ्याशिवाय घाम सुकत नाही. जखडलेली सायकल तोल मात्र शिकवत नाही, त्याला सुटी सायकल ज्यावर चालवतात तो रोलर लागतो. आणि उतारावरची वळणं, ब्रेक? ते उघडीप मिळाल्यावर घाटातच शिका.